कलम १९ आणि तालुक्याचे पोलीस ठाणे



मे २०२५ मधली गोष्ट आहे. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या १९ वर्षांच्या मुलीने ‘ऑपरेशन सिंदूर’संबंधी दुसऱ्या कोणाचा तरी मजकूर आपल्या इन्स्टाग्रामवरून पुढे पाठवला. लोक तुटून पडले, धमक्या आल्या. दोन तासांच्या आत तिने तो मजकूर काढून टाकला आणि माफीही मागितली. तरी गुन्हा दाखल झाला. ९ मे रोजी तिला अटक झाली, पुढे तिची रवानगी येरवड्याच्या कारागृहात झाली. महाविद्यालयाने तिचे म्हणणे ऐकून न घेताच तिला काढून टाकले. तिकडे सत्र परीक्षा सुरू झाली आणि पेपर बुडू लागले. २७ मे रोजी हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या सुट्टीतल्या खंडपीठापुढे, न्या. गौरी गोडसे आणि न्या. सोमशेखर सुंदरेसन यांच्यापुढे आले. पोलिसांच्या पहाऱ्यात तिला परीक्षेला बसू द्यावे, अशी तयारी सरकारी बाजूने दाखवली. न्यायालयाने ती मान्य केली नाही. ही विद्यार्थिनी आहे, गुन्हेगार नाही, असे बजावून तिला त्याच दिवशी सोडण्याचा आदेश दिला आणि महाविद्यालयाच्या आदेशालाही स्थगिती दिली. एका मुलीचे आयुष्य उद्ध्वस्त करायला निघालात का, असे न्यायमूर्तींनी सरकारला खडसावले.

तो मजकूर मला पटतो का, हा प्रश्न आज आपल्यापुढे नाही. मला विचारायचे आहे ते वेगळेच. त्या अडीच-तीन आठवड्यांत या मुलीची गाठ कोणाकोणाशी पडली? गुन्हा नोंदवणारे पोलीस राज्य सरकारचे. कारागृह राज्य सरकारचे. न्यायालयात तिच्या विरोधात उभे राहिलेले वकील राज्य सरकारचे. ज्या विद्यापीठाची परीक्षा ती देणार होती, ते विद्यापीठ राज्याच्या कायद्याने चालणारे. दिल्लीचा यात कुठे संबंध आलाच नाही. आणि तिच्या बाजूने जे एकमेव हत्यार होते, ते मात्र दिल्लीत लिहिले गेलेल्या भारताच्या संविधानाचे.

आपल्या राज्य मंडळाच्या शाळांत गेली काही वर्षे जी पुस्तके चालत आली, त्यांत मूलभूत हक्क सातवीच्या नागरिकशास्त्रात आहेत. राज्यशासन आठवीत आहे. सातवीतला मुलगा कलम १९ मधले भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य पाठ करतो, परीक्षेत लिहितो, दोन गुण मिळवतो. आठवीत तो विधानसभा, विधान परिषद, राज्यपाल, मुख्यमंत्री यांची माहिती पाठ करतो, पुन्हा दोन गुण मिळवतो. या दोन धड्यांची गाठ त्याला कोणी घालून देत नाही. सातवीतल्या हक्काला पहिला धक्का बसतो तो बहुतेक वेळा आठवीतल्या शासनाकडून, आणि त्या हक्काचे रक्षण करण्याची पहिली जबाबदारीही त्याच शासनाची असते, हे बारावी होऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींना ठाऊक नसते. आज मी बोलणार आहे ते या तुटलेल्या दुव्याबद्दल.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्याच्या अखत्यारीतल्या विषयांची राज्यसूची नावाची यादी आहे. तिच्यातला पहिला विषय सार्वजनिक सुव्यवस्था, दुसरा पोलीस. पुढे तेहेतिसाव्या क्रमांकावर नाटके आणि रंगभूमी. शिक्षणही आधी याच यादीत होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेले, तरी शाळा चालवणे, मान्यता देणे, अनुदान देणे हे बव्हंशी राज्याच्याच हाती राहिले. म्हणजे मुलगा बोलतो कुठे, तर शाळेत, रस्त्यावर, रंगमंचावर, आणि या तिन्ही ठिकाणी त्याच्यासमोर उभी असते ती राज्याची यंत्रणा.

घटनाकारांना याची कल्पना नव्हती असे नाही. १९४७ च्या एप्रिलमध्ये मूलभूत हक्कांचा मसुदा संविधान सभेपुढे आला तेव्हा बंगालचे सोमनाथ लाहिरी उठले आणि म्हणाले की, यातले बरेचसे हक्क पोलीस शिपायाच्या नजरेने लिहिलेले दिसतात. लाहिरी त्या सभेतले कम्युनिस्ट सदस्य. त्यांचे ऐकले गेले नाही. पण त्यांनी बोट ठेवले होते ते नेमक्या जागी.

संविधान लागू होऊन चार महिने होतात न होतात तोच पहिला मोठा प्रसंग आला, आणि तो एका राज्य सरकारने आणला. रोमेश थापर मुंबईहून ‘क्रॉसरोड्स’ नावाचे इंग्रजी साप्ताहिक काढत. इतिहासकार रोमिला थापर यांचे ते थोरले बंधू. मद्रास सरकारने १९४९ च्या आपल्या सुव्यवस्था कायद्याखाली या साप्ताहिकाला मद्रास राज्यात येण्यास बंदी केली. थापर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ मे १९५० रोजी निकाल लागला आणि बंदी उठली. न्यायालयाचे म्हणणे असे की, कलम १९(२) मध्ये भाषणावर बंधन घालण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत सार्वजनिक सुव्यवस्था हे कारणच नाही. राज्याची सुरक्षितता धोक्यात येईल इतके गंभीर काही असेल तरच बंधन घालता येईल. सरकारांना हे पचले नाही. वर्ष उलटते न उलटते तोच, जून १९५१ मध्ये, पहिली घटनादुरुस्ती झाली आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द १९(२) मध्ये आले. त्याच दुरुस्तीत ‘वाजवी’ हाही शब्द आला. बंधन घालता येईल, पण ते वाजवी असले पाहिजे, आणि वाजवी आहे की नाही हे न्यायालय ठरवेल. आज देशातल्या प्रत्येक ठाण्यात, प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाने जे आदेश निघतात, त्यांची मुळे या घडामोडीत आहेत.

आपल्या जिल्ह्यातलाच दाखला घेऊ. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दर पंधरा-वीस दिवसांनी एक छोटी बातमी येते: ‘जिल्ह्यात मनाई आदेश लागू’. कधी सण असतो, कधी निवडणूक, कधी मोर्चा. आपण ती वाचत नाही. हा आदेश निघतो १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या, कलम ३७ खाली. त्यात शस्त्रे, काठ्या, दगड बाळगण्याला मनाई असते, आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार असणार नाही. पण त्याच आदेशात पुढे जाहीर घोषणा देणे, गाणी म्हणणे, वाद्ये वाजवणे, आवेशपूर्ण भाषण करणे, हावभाव किंवा नकला करणे, चित्रे आणि फलक तयार करून दाखवणे याही गोष्टी येतात. कायद्याला अशा आदेशासाठी कारण लागते, मुदत लागते. प्रत्यक्षात बऱ्याच जिल्ह्यांत एकाची मुदत संपायच्या आत दुसरा आदेश तयार असतो. वर्षाचे किती दिवस आपण अशा आदेशाखाली जगतो, याची नोंद एखाद्या वर्गाने वर्षभर ठेवून पाहावी. महाविद्यालयाची मुले पथनाट्य करायला चौकात उभी राहतात, पोलीस येऊन विचारतात, ‘परवानगी आहे का?’ मुले गांगरतात. कुठला आदेश, कोणत्या कलमाखालचा, किती तारखेपर्यंतचा, हे विचारायचे त्यांना सुचत नाही, कारण असे विचारता येते हेच त्यांना कोणी शिकवलेले नाही.

असे विचारल्याने काय होऊ शकते, हे आपल्याला केरळातल्या तीन भावंडांनी दाखवून दिले. कोट्टायम जिल्ह्यातल्या किडंगूरच्या शाळेत ती शिकत होती. थोरला दहावीत, मधली नववीत, धाकटी पाचवीत. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे हे कुटुंब. प्रार्थनेच्या वेळी राष्ट्रगीत सुरू झाले की ती तिघे इतरांबरोबर ताठ उभी राहत, पण गात नसत, कारण देवाखेरीज कशाचेही स्तवन करायचे नाही अशी त्यांच्या पंथाची श्रद्धा. वर्षानुवर्षे असेच चालले होते, कोणाला काही खटकले नव्हते. जुलै १९८५ मध्ये एका आमदाराने हे पाहिले. त्यांना ते देशभक्तीला सोडून वाटले. विधानसभेत प्रश्न आला, चौकशी समिती नेमली गेली. समितीने सांगितले की मुले कायदा पाळणारी आहेत, त्यांनी राष्ट्रगीताचा कोणताही अवमान केलेला नाही. तरीही शिक्षण खात्याच्या उपनिरीक्षकाने सूचना दिली आणि २६ जुलैला मुख्याध्यापिकेने तिघांना शाळेतून काढले. वडील भेटायला गेले तेव्हा मुख्याध्यापिकेने आपण हतबल असल्याचे सांगितले.

या साखळीकडे जरा नीट पाहा. आमदार, विधानसभा, शिक्षण खाते, उपनिरीक्षक, मुख्याध्यापिका. राज्यशासनाच्या धड्यात जे जे येते ते सगळे यात आले, आणि साखळीच्या शेवटी पाचवीतली एक मुलगी. केरळ उच्च न्यायालयात दोनदा हार झाली. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी निकाल दिला: मुलांना परत शाळेत घ्या. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या नावाने तो ओळखला जातो. बोलण्याच्या हक्कात गप्प राहण्याचा हक्क येतो, हे त्याचे सूत्र बहुतेकांना ठाऊक असते. मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्यातला दुसरा भाग. केरळ सरकारचे म्हणणे काय होते? आमच्या शिक्षण खात्याची परिपत्रके आहेत, १९६१ चे एक आणि १९७० चे एक, त्यांत सर्व मुलांनी राष्ट्रगीत म्हणावे असे आहे. न्यायालयाने उत्तर दिले की खात्याचे परिपत्रक हा कायदा नव्हे. कलम १९ च्या हक्कावर बंधन घालायचे तर ते कायद्यानेच घालावे लागते, खात्याच्या सूचनेने नाही. राष्ट्रसन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा होता, पण त्याने शिक्षा ठेवली आहे ती राष्ट्रगीत म्हणू न देणाऱ्याला किंवा ते म्हणणाऱ्या सभेत अडथळा आणणाऱ्याला. मुलांनी यातले काहीच केले नव्हते.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा, त्यांचे दिवस परिपत्रकांवर आणि शासन निर्णयांवर चालतात. ‘वरून जीआर आलाय’ म्हटले की शाळेत चर्चा संपते. गणवेशापासून पोषण आहारापर्यंत हे ठीकच आहे, त्याशिवाय राज्य चालणार नाही. पण मुलाच्या जिभेवर बंधन येते तेव्हा शिक्षकाने एवढे तरी विचारावे की यामागे कायदा कोणता. १९८६ पासून हा प्रश्न विचारण्याचा आधार आपल्याकडे आहे आणि तो देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आहे. शिक्षक प्रशिक्षणात हा निकाल सक्तीने वाचायला लावला असता तर किती शाळांत किती मुले सुखाने नांदली असती, असा विचार मनात येतो.

आता आपल्या घराजवळ येऊ. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांचे १७ तारखेला निधन झाले. दुसऱ्या दिवशी, अंत्यसंस्काराच्या दिवशी, मुंबई आणि आसपासचा परिसर बंद होता. पालघरमधल्या, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, एका तरुणीने फेसबुकवर लिहिले की हा बंद आदरापोटी पाळला जात नाही, भीतीपोटी पाळला जातो आहे, अशा आशयाचे काहीतरी. तिच्या मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ केले. जमाव पोलीस ठाण्यावर गेला. मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. दोघींना अटक झाली. कलमे लावली गेली ती भारतीय दंड संहितेचे ५०५(२) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ. पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर त्या सुटल्या. पुढे राज्य सरकारने चौकशी केली, पोलीस अधिकारी निलंबित झाले, प्रकरण बंद झाले.

देशभर खळबळ माजली. दिल्लीची श्रेया सिंघल ही कायदा शिकण्याच्या उंबरठ्यावरची तरुणी. पालघरची बातमी वाचून अस्वस्थ झाली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने ६६ अ पूर्णपणे रद्द केले. त्याच निकालात केरळच्या पोलीस कायद्यातले ११८(ड) हे कलमही गेले, म्हणजे राज्याने स्वतः केलेला कायदाही या कसोटीवर टिकला नाही. न्या. नरिमन यांनी एक भेद स्पष्ट मांडला. एखाद्या विषयाची चर्चा करणे वेगळे, त्याचा आग्रहाने पुरस्कार करणे वेगळे, आणि चिथावणी देणे वेगळे. पहिल्या दोहोंना, ती कितीही न आवडणारी असली तरी, कलम १९ चे संरक्षण आहे. चिथावणीपाशी पोहोचल्यावरच सरकारचा अधिकार सुरू होतो. ६६ अ मधले ‘त्रास होतो’, ‘गैरसोय होते’, ‘आक्षेपार्ह आहे’ असले शब्द इतके सैल आहेत की त्यांत काहीही बसवता येते.

पण ही कहाणी इथे संपली असती तर मी ती आज इतकी लांबवून सांगितली नसती. रद्द झालेले ६६ अ पुढची कित्येक वर्षे निरनिराळ्या राज्यांच्या ठाण्यांत जिवंत राहिले. लोकांवर त्याखाली गुन्हे दाखल होत राहिले. पीयूसीएल ही संघटना पुन्हा न्यायालयात गेली. जुलै २०२१ मध्ये न्या. नरिमन यांच्याच अध्यक्षतेखालच्या खंडपीठापुढे ते आले, सोबत न्या. के. एम. जोसेफ आणि आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई होते. खंडपीठ थक्क झाले. ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी कारण सांगितले ते असे: कायद्याचे छापील पुस्तक उघडले की कलम ६६ अ जसेच्या तसे दिसते, ते रद्द झाल्याची नोंद आहे ती पानाच्या तळाला, तळटिपेत. ठाण्यातला अधिकारी पुस्तकात कलम बघतो आणि गुन्हा नोंदवतो. तळटीप कोण वाचणार? ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांच्या पोलीस प्रमुखांना आणि गृह सचिवांना स्पष्ट सांगितले की या कलमाखाली गुन्हे नोंदवू नका, नोंदवले असतील तर त्यातून ते कलम काढा.

या तळटिपेचा मी बराच विचार केला आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वातंत्र्याच्या बाजूने दिलेला एक मोठा निकाल सात वर्षे एका बारीक टाइपातल्या ओळीत अडकून पडला, कारण तो ठाण्यापर्यंत पोहोचवायचे काम राज्यांचे होते आणि ते कोणी मनावर घेतले नाही. पोलिसांना मी इथे खलनायक करत नाही. ठाण्यातला अधिकारी चोऱ्या, मारामाऱ्या, बंदोबस्त, अपघात यांत पिचलेला असतो. समोर दोनशे लोकांचा जमाव उभा असतो आणि वरून फोन येत असतात. त्या क्षणी त्याच्या हाताशी जे पुस्तक आहे, त्यावरच तो चालणार. प्रश्न आहे तो त्याला कोणी शिकवले याचा.

हाच प्रश्न ७ मार्च २०२४ रोजी आपल्याच मातीतले न्या. अभय ओक यांनी विचारला. प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातले, हातकणंगले पोलीस ठाण्यातले. एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने व्हॉट्सॲप स्टेटसवर ५ ऑगस्ट, म्हणजे कलम ३७० हटवल्याचा दिवस, हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचे लिहिले होते आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. दंड संहितेच्या कलम १५३ अ खाली गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. ‘जावेद अहमद हजाम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असे त्या निकालाचे नाव. न्यायालय म्हणाले, सरकारच्या एखाद्या निर्णयाला विरोध करण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे. शेजारच्या देशातल्या नागरिकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणे ही सदिच्छा आहे. आणि अखेरीस त्यांनी लिहिले की भाषणस्वातंत्र्य म्हणजे काय आणि त्यावर वाजवी बंधन कुठवर घालता येते, हे आपल्या पोलीस यंत्रणेला समजावून सांगण्याची, शिकवण्याची वेळ आली आहे. वर्षभराने, इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरून गुजरातमध्ये दाखल झालेल्या गुन्ह्याच्या प्रकरणातही न्या. ओक यांना हेच पुन्हा सांगावे लागले.

म्हणजे शिकायचे आहे ते विद्यार्थ्याला आणि ठाण्याला, दोघांनाही, आणि मला वाटते दोघांनी एकत्रच शिकावे.

रंगभूमीबद्दल थोडेसे बोलतो, कारण या गावात एकांकिका करणारी मुले पुष्कळ आहेत. इंग्रज सरकारने १८७६ मध्ये नाटकांवरच्या नियंत्रणाचा कायदा केला. त्याच कायद्याच्या आधारे मुंबई सरकारने १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी घातली. महाभारतातल्या कथेत लॉर्ड कर्झन दिसतो हे सरकारला प्रेक्षकांइतकेच कळले होते. स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आले. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ला या मंडळाने अडवले, दिग्दर्शक-निर्माते कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. तरी आजही एकांकिकेची संहिता घेऊन मंडळाकडे जायचे, क्रमांक आणि प्रमाणपत्र मिळवायचे, मग स्पर्धेत उतरायचे, हा शिरस्ता आहे. त्या संहितेच्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने एखाद्या वाक्याखाली रेघ मारतो आणि ‘हे काढा’ म्हणतो. एकोणीस-वीस वर्षांच्या लेखकाच्या आयुष्यात राज्य सरकार असे पहिल्यांदा येते. बहुतेक मुले निमूटपणे वाक्य गाळतात, कारण स्पर्धा चार दिवसांवर आलेली असते. छापायच्या पुस्तकाला पूर्वपरवानगी लागत नाही, वर्तमानपत्राला लागत नाही, मग तिकीट काढून बघायच्या नाटकाला ती का लागावी, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. अमोल पालेकर २०१६ मध्ये हा प्रश्न घेऊन उच्च न्यायालयात गेले, ते मला योग्यच वाटते.

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग सरकारने हात बांधून बसावे का? तसे मी मुळीच म्हणत नाही. या राज्याने दंगली पाहिल्या आहेत. एखाद्या वस्तीवर चालून जा म्हणणारे भाषण ही चर्चा नव्हे आणि पुरस्कारही नव्हे. तिथे पोलिसांनी वेळ न दवडता पुढे आले पाहिजे, आणि तिथेच ते अनेकदा उशिरा येतात ही माझी खंत आहे. सरकारचे दुसरे काम त्याहून अवघड आहे: बोलणाऱ्याचे रक्षण करणे. १९८९ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात, एस. रंगराजन यांच्या खटल्यात, तामिळनाडू सरकारचा सूर असा होता की चित्रपट दाखवला तर लोक बिथरतील. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निदर्शनांच्या आणि हिंसाचाराच्या धमकीपुढे अभिव्यक्तीचा गळा दाबता येणार नाही. जमावाला आवरणे हे सरकारचे कर्तव्य आहे आणि आम्हाला ते जमत नाही अशी सबब सरकारला सांगता येणार नाही. पालघरमध्ये ठाण्यापुढे जमाव आला तेव्हा कायद्याने कोणाला रोखायला हवे होते, याचे उत्तर २३ वर्षे आधीच दिलेले होते. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, हस्तलिखिते विस्कटली, तेव्हाही राज्याचे लक्ष हल्ल्याचे निमित्त ठरलेल्या पुस्तकावर बंदी घालण्याकडे गेले. ती बंदी पुढे न्यायालयात टिकली नाही. आणि २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. हे दोघेही अशाच व्याख्यानमालांतून बोलत गावोगाव हिंडले. ज्यांना बोलते ठेवायचे त्यांना जिवंत ठेवणे हे कलम १९ मध्ये लिहिलेले नाही, पण त्यावाचून ते कलम कोरडे राहते, आणि ते काम पुन्हा राज्याच्याच पोलिसांचे आहे.

विधिमंडळाबद्दल एकच सांगतो. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. त्याआधी ते संयुक्त समितीकडे गेले होते, लोकांकडून सूचना मागवल्या होत्या, आणि लोकांनी त्या हजारोंनी पाठवल्या. मसुद्यात काही बदलही झाले. त्या विधेयकाबद्दल माझे आक्षेप कायम आहेत. बेकायदा कृत्याची इतकी रुंद व्याख्या मला धोक्याची वाटते. पण विद्यार्थ्यांना मला हे दाखवायचे आहे की कायदा होत असताना त्याच्या मसुद्यावर लेखी म्हणणे मांडता येते. आठवीच्या पुस्तकातले विधेयकाचे टप्पे पाठ करण्यापेक्षा अशा एखाद्या मसुद्यावर वर्गाने मिळून एक पानभर सूचना लिहून पाठवली तर ते टप्पे कायमचे लक्षात राहतील.

मग मुलामुलींना नेमके काय ठाऊक असावे? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही, हे त्यांना ठाऊक असावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्णेश कुमार प्रकरणात ते बजावले आहे, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये हजर राहण्याची नोटीस देण्याची तरतूद आहे. भाषणाबद्दलच्या अशा तक्रारींत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करता येते, त्याच संहितेच्या कलम १७३(३) खाली, आणि प्रतापगढी निकालाप्रमाणे पोलिसांनी शक्यतो ती करावी. महिलेला आणि कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तसे आहे, आणि प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. कलम २२६ खाली उच्च न्यायालयात थेट जाता येते, आणि ते न्यायालय मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूरलाही बसते. पुण्याच्या त्या मुलीला वाचवले ते याच वाटेने. पण प्रत्येकीला वेळेवर वकील भेटतोच असे नाही, म्हणून वाट आधीच माहीत असावी.

या व्याख्यानमालेच्या विश्वस्तांपुढे एक प्रस्ताव ठेवतो. सर्वोच्च न्यायालय आता आपले अनेक निकाल मराठीतून उपलब्ध करून देते. २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, शाळाशाळांत उद्देशिकेचे वाचन होते. या वर्षी आपल्या तालुक्यातल्या नववी-दहावीच्या वर्गांत त्यानंतर एक तास हातकणंगले प्रकरणाच्या निकालाला द्यावा. तो मोठा नाही, भाषाही सोपी आहे. मराठी प्रत मिळाली नाही तर शिक्षकांनी त्याचा सारांश करून द्यावा. त्या तासाला पोलीस निरीक्षकांना पाहुणे म्हणून बोलवावे, आणि त्यांच्यासोबत ठाण्यात रोज दैनंदिनीवर बसणारे ठाणे अंमलदारही असावेत, कारण तक्रार घेऊन आलेल्या माणसाला पहिल्यांदा तेच भेटतात. मुलांनी त्यांना विचारावे की आमच्या शाळेतल्या कोणी असे स्टेटस ठेवले तर तुम्ही काय कराल, आणि त्यांनी कायद्याचे कलम सांगून उत्तर द्यावे. दोन्ही बाजूंना उत्तर आले नाही तर तो तास पुन्हा घ्यावा. या कामासाठी जे काही लिहून, भाषांतर करून द्यावे लागेल, ते मी करून देईन.